तांब्यावरचे चेहरे

अठराव्या शतकाच्या लंडनमध्ये राजाचा चेहरा नाण्यावर पाहता येई. पण मंत्री, नटी, सेनापती किंवा फाशीची वाट पाहणारा दरोडेखोर दिसतो कसा, हे जाणून घ्यायचे तर छापचित्रांच्या दुकानासमोर जाऊन उभे राहावे लागे. वर्तमानपत्रे भरपूर निघत, पण त्यांत चित्रे नावापुरतीच असत. तैलचित्रे उमरावांच्या वाड्यांत टांगलेली असत, आणि समकालीन चित्रकारांचे पहिले मोठे जाहीर प्रदर्शन भरायला १७६० साल उजाडावे लागले. दुकानाच्या खिडकीला मात्र छोट्या छोट्या काचांची तावदाने असत आणि बहुतेक प्रत्येक तावदानामागे एकेक चित्र लावलेले असे. एका काचेआड एखाद्या मंत्र्याचे भारदस्त व्यक्तिचित्र असे, आणि दोन काचा सोडून त्याच मंत्र्याचे ढेरपोटे अर्कचित्र.

कलेच्या इतिहासात या दोन प्रकारांची वाटणी झालेली दिसते. कोरीव व्यक्तिचित्रे ललित कलेच्या खात्यात जमा होतात आणि व्यंगचित्रे राजकारणाच्या. धंद्यात अशी वाटणी नव्हती. दोन्ही तांब्याच्या पत्र्यावर तयार होत, एकाच तऱ्हेच्या यंत्रावर छापली जात आणि कित्येकदा एकाच कारागिराच्या हातून उतरत. शिवाय दुसरा प्रकार पहिल्यावर जगत होता. ज्याचा चेहरा लोकांना ठाऊकच नाही, त्याचे नाक लांब केले काय आणि आखूड केले काय, हसणार कोण?

पत्र्यावर चित्र उतरवण्याच्या मुख्य रीती तीन-चार होत्या. सर्वांत जुनी आणि प्रतिष्ठेची रीत कोरणीची. पोलादी कोरणीने गुळगुळीत तांब्यात रेघ खोदायची, खाचेत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा लाटांच्या यंत्रातून दाबून काढायचा. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. एक मोठे चित्र असे कोरायला कधी महिने, तर कधी वर्षे लागत. दुसरी रीत अम्लरेखनाची. तिच्यात पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात, सुईने त्या थरावर रेखाटतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. सुईने उघडे पाडलेले तांबे आम्ल खाते. इथे हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो आणि काम एक-दोन दिवसांत उरकते. सकाळी संसदेत झालेल्या भांडणाची थट्टा आठवडा संपायच्या आत विकायची असेल, तर हीच रीत हवी. त्यामुळे अठराव्या शतकातली बहुसंख्य व्यंगचित्रे अम्लरेखनातच आहेत. छापताना चित्राची उजवी-डावी बाजू उलटते, म्हणून मजकूरही पत्र्यावर उलटा लिहावा लागे. पात्रांच्या तोंडून निघणारे फुगे आणि त्यांतली लांबलचक वाक्ये पाहिली की या उलट्या लेखनाच्या सरावाचे नवल वाटते.

व्यक्तिचित्रांची खास रीत मेझोटिंटची. तिचा शोध १६४२ च्या सुमारास लुडविग फॉन सीगन या जर्मन माणसाने लावला, पण ती इंग्लंडात इतकी रुजली की फ्रेंच लोक तिला इंग्लिश पद्धतच म्हणू लागले. तिच्यात काळ्याकडून पांढऱ्याकडे जावे लागते. दातेरी पात्याचे एक हत्यार पत्र्यावर सगळ्या दिशांनी झुलवत नेऊन पृष्ठभाग पूर्ण खरबरीत करायचा. या अवस्थेत छापले तर कागदावर मखमली काळोख उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे ती खरबर खरवडून आणि घासून कमी करत जायचे. कपाळ, गाल, रेशमाची चमक, केसांवरचा प्रकाश अशा अंधारातून वर येतो. रेघ कुठेच दिसत नाही, म्हणून तैलचित्राच्या छायाप्रकाशाची नक्कल या पद्धतीत सगळ्यांत चांगली होते. एक अडचण होती. तांब्याची ती नाजूक खरबर दाबाखाली लवकर झिजते. शे-दीडशे उत्तम प्रती निघाल्या की चित्र फिके पडू लागे आणि पत्रा पुन्हा डागडुजीला घ्यावा लागे. शतकाच्या उत्तरार्धात ठिपक्यांनी चित्र उठवण्याची आणखी एक नाजूक पद्धत लोकप्रिय झाली. विल्यम विन रायलंड हा तिचा एक निष्णात कारागीर आणि राजाचा नेमलेला उत्कीर्णक. ईस्ट इंडिया कंपनीच्या हुंडीची बनावट केल्याच्या गुन्ह्यात १७८३ साली त्याला फाशी झाली. दुसऱ्याच्या हाताची हुबेहूब नक्कल करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसावर असा आरोप आला, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला न्यायालय फारसे राजी नसावे.

या धंद्याला कायद्याचे संरक्षण मिळवून दिले ते विल्यम होगार्थने. होगार्थचा जन्म १६९७ चा, लंडनमधल्या स्मिथफील्डचा. चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे त्याने उमेदवारी केली. खेड्यातून लंडनला आलेल्या आणि कुंटणखान्याच्या वाटेने मृत्यूला पोहोचलेल्या एका मुलीची कथा त्याने १७३२ मध्ये सहा चित्रांत सांगितली. संचाची किंमत एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. साध्या मजुराची ही साधारण दोन आठवड्यांची कमाई. तरीही बाराशेहून अधिक संचांची आगाऊ नोंदणी झाली. लगोलग नकलाही निघाल्या. दुकानदार चोरून दुसऱ्याकडून पत्रा कोरून घेत आणि निम्म्याहून कमी किमतीला विकत. मूळ चित्रकाराच्या हाती काहीच पडत नसे. होगार्थने काही सहकाऱ्यांसह संसदेकडे अर्ज केला आणि १७३५ मध्ये उत्कीर्णकांच्या हक्कांचा कायदा झाला. स्वतः कल्पिलेल्या चित्रावर कलावंताला चौदा वर्षांचा हक्क मिळाला. नक्कल करणाऱ्याचे पत्रे जप्त व्हायचे आणि प्रत्येक प्रतीमागे पाच शिलिंग दंड बसायचा. उधळ्या तरुणाची कथा सांगणारी पुढची आठ चित्रे तयार असूनही होगार्थने ती कायदा अमलात येईपर्यंत दाबून ठेवली. नकलाकारही कच्चे नव्हते. त्यांनी माणसे पाठवून मूळ तैलचित्रे पाहून घेतली आणि आठवणीवरून कोरलेल्या नकला आधीच बाजारात आणल्या.

या कायद्याचा अभ्यासकांना भलताच फायदा झाला. हक्क टिकवायचा तर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावर कोरावी लागे. म्हणून त्या काळातल्या हजारो चित्रांच्या तळाशी दिवस, महिना, वर्ष आणि दुकानाचा पत्ता बारीक अक्षरांत सापडतो. कोणती अफवा कोणत्या आठवड्यात शहरात फिरत होती, हे त्यावरून सांगता येते.

व्यक्तिचित्र आणि विडंबन यांच्या मधली हद्द किती पुसट होती, हे होगार्थच्याच दोन चित्रांत दिसते. १७४५ च्या स्कॉटिश बंडात सामील झालेला म्हातारा लॉर्ड लोव्हॅट कैदी म्हणून लंडनला नेला जात असताना सेंट ऑल्बन्स इथे होगार्थने त्याला गाठले. बोटांवर बंडखोर टोळ्या मोजणारा, कावेबाज डोळ्यांचा तो स्थूल म्हातारा त्याने पत्र्यावर उतरवला. चित्रात फुगवून सांगितलेले फारसे काही नाही. माणूसच तसा होता. मागणी इतकी आली की छापणाऱ्यांना दिवसरात्र काम करावे लागले असे सांगतात. १७४७ मध्ये लोव्हॅटचा शिरच्छेद झाला. १७६३ मध्ये होगार्थने आपल्यावर जहरी लेख लिहिणाऱ्या जॉन विल्क्स या खासदाराला न्यायालयात बसून टिपले. तिरळे डोळे, कुटिल हसू आणि हातातल्या काठीवर स्वातंत्र्याची टोपी. वर्णन खरेच होते, विल्क्स तिरळा होताच. पण त्या टोपीच्या आकाराने आणि त्या हसण्याने देशभक्त म्हणून मिरवणारा माणूस भोंदू ठरला. आपण दिवसेंदिवस त्या चित्रासारखे दिसू लागलो आहोत, अशी थट्टा विल्क्स स्वतःच करी म्हणतात. त्याच्या अनुयायांनी ते चित्र आवडीने विकत घेऊन भिंतीला लावले, हा होगार्थवर उलटलेला डाव.

होगार्थ स्वतःला अर्कचित्रकार म्हणवून घ्यायला तयार नव्हता. आपण स्वभाव रंगवतो, नाके ताणत नाही, असा त्याचा दावा होता. अर्कचित्र ही इटलीची देणगी. युरोपच्या शिक्षणयात्रेला जाणारे इंग्रज उमरावपुत्र रोममध्ये एकमेकांची विनोदी रेखाटने काढून घेत आणि घरी आणत. जॉर्ज टाउनशेंड या लष्करी अधिकाऱ्याने १७५० च्या दशकात हा घरगुती खेळ राजकारणात ओढला. आपल्याला न आवडणाऱ्या सेनापतींची आणि मंत्र्यांची पत्त्याच्या पानाएवढी अर्कचित्रे त्याने छापवून वाटली. ती छापणारे मॅथ्यू आणि मेरी डार्ली हे जोडपे या धंद्यातले पहिले खरे अर्कचित्र-व्यापारी. मेरीने १७६२ मध्ये हौशी लोकांना ही कला शिकवणारे पुस्तक काढले, आणि गिऱ्हाईकांनी पाठवलेल्या कल्पना पत्र्यावर उतरवून देण्याचीही त्यांची तयारी असे. स्ट्रँड रस्त्यावरचे त्यांचे दुकान १७७० नंतर ‘मॅकॅरोनी’ मंडळींच्या चित्रांसाठी गाजले. तंग कपडे, हातभर उंच विग आणि त्यावर चिमुकली टोपी घालणाऱ्या नटव्या तरुणांना लोक मॅकॅरोनी म्हणत. बायकांच्या केशरचनाही तेव्हा अशा चढल्या होत्या की चित्रकाराला अतिशयोक्ती करायला जागा थोडीच उरली होती.

याच वर्षांत व्यक्तिचित्रांचा बाजार भरभराटीला आला. रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष जॉशुआ रेनॉल्ड्स याने छापचित्रांची ताकद लवकर ओळखली. त्याचे तैलचित्र एका वेळी एकाच भिंतीवर टांगलेले असे. त्याच चित्राचे मेझोटिंट मात्र एडिंबरो, डब्लिन आणि अमेरिकेतल्या वसाहतींपर्यंत जाई. डब्लिनहून आलेला जेम्स मॅकार्डेल त्याचा आवडता कारागीर. पुढे व्हॅलेंटाइन ग्रीन आणि जॉन रॅफेल स्मिथ यांनी हे काम इतके उंचीला नेले की आज काही तैलचित्रांचे रंग उडालेले असताना त्यांची मूळ रंगत या छापांवरून ताडावी लागते. तरीही अकॅडमीने उत्कीर्णकांना पूर्ण सभासदत्व नाकारले. नक्कल करणाऱ्याला कलावंत कसे म्हणायचे, हा अकॅडमीचा मुद्दा. ज्यांच्या नकलांवर अध्यक्षाची कीर्ती पसरली, त्यांनाच दाराबाहेर ठेवणारा हा निर्णय कृतघ्नपणाचाच म्हटला पाहिजे.

गिऱ्हाईक वाढले त्याला एक पुस्तकही कारणीभूत झाले. जेम्स ग्रेंजर नावाच्या पाद्र्याने १७६९ मध्ये इंग्लंडचा चरित्रकोश छापला. त्यात माणसांची नोंद राजापासून गुन्हेगारापर्यंत वर्गवारीने होती आणि प्रत्येकाची कोणकोणती कोरीव चित्रे मिळतात याची यादी होती. मग लोक यादीतली चित्रे शोधून पुस्तकात चिकटवू लागले. एका खंडाचे पाच-सहा खंड झाले. जुन्या चित्रांच्या किमती कित्येक पटींनी चढल्या. जुन्या ग्रंथांतली चित्रपाने कापून नेण्याचा रोगही तेव्हाच फैलावला, आणि ग्रंथपाल आजही त्या पिढीला शिव्या देतात.

मोठा पैसा मिळवला तो जॉन बॉयडेल या प्रकाशकाने. विल्यम वुलेटने कोरलेले ‘जनरल वुल्फचा मृत्यू’ हे चित्र त्याने १७७६ मध्ये बाजारात आणले. बेंजामिन वेस्टच्या तैलचित्रावरून केलेल्या या चित्राने युरोपभर हजारो पौंड कमावले. बॉयडेल १७९० मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. फ्रान्सशी युद्ध सुरू होऊन युरोपची बाजारपेठ बंद पडली, तेव्हा त्याचा डोलारा कोसळला आणि अखेर लॉटरी काढून मालाची विल्हेवाट लावावी लागली.

विडंबनाचा कळस १७८० ते १८१० या तीस वर्षांत झाला, आणि त्याचे नाव जेम्स गिलरे. गिलरे १७५६ चा. त्याचा बाप फाँतन्वाच्या लढाईत हात गमावलेला शिपाई, आणि घरचे वातावरण मोरेव्हियन पंथाचे, कडक. तो आधी अक्षरे कोरायला शिकला, मग रॉयल अकॅडमीच्या शाळेत गेला. त्याची इच्छा गंभीर उत्कीर्णक होण्याची होती. १७८९ मध्ये त्याने पंतप्रधान पिटचे सरळ व्यक्तिचित्र कोरले, पण ते चालले नाही. त्याच्या हाताखाली चेहरा आपोआप काहीतरी बोलू लागे, आणि व्यक्तिचित्राच्या गिऱ्हाइकाला ते नको होते. अपयशी व्यक्तिचित्रकाराची ही नजर त्याने मग पूर्णपणे विडंबनाकडे वळवली. पिट म्हणजे काडीसारखा देह आणि हवेत वर गेलेले टोकदार नाक. विरोधी पक्षाचा नेता फॉक्स म्हणजे दाट भुवया, दाढीचे खुंट आणि सुटलेले पोट. एडमंड बर्क म्हणजे चष्मा, लांब नाक आणि कॅथलिक असल्याचा संशय सुचवणारा पाद्र्याचा पोशाख. एकदा ठरलेली ही रूपे इतर चित्रकारांनीही उचलली, आणि लोकांनी ती खरीच मानली. नेपोलियन ठेंगू होता ही समजूत जगभर पसरवण्यात गिलरेने रंगवलेल्या चिमुकल्या, आदळआपट करणाऱ्या ‘बोनी’चा वाटा मोठा आहे; प्रत्यक्षात नेपोलियनची उंची त्या काळच्या मानाने सरासरीइतकी होती.

व्यक्तिचित्राची रीत विडंबनासाठी कशी वापरता येते, हे १७९२ च्या त्याच्या जोडचित्रात दिसते. एकात युवराज जेवणानंतर खुर्चीत रेललेला आहे. काट्याने दात कोरतो आहे, जाकिटाचे एकच बटण कसेबसे टिकले आहे, आणि न भागवलेली बिले शौचपात्राखाली दबलेली आहेत. दुसऱ्यात त्याचा बाप तिसरा जॉर्ज अंडे खात बसला आहे. विजार ठिगळाची आणि शेजारी राणी तोंडात पाला कोंबते आहे. एक उधळा, दुसरा कंजूष. युवराजाचे चित्र गिलरेने उमरावांच्या सुबक चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या नाजूक पद्धतीत केले. दुरून पाहणाऱ्याला वाटावे की हे राजघराण्याचे अधिकृत चित्र आहे. १८०५ चे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र अम्लरेखनातले. पिट आणि नेपोलियन टेबलाशी समोरासमोर बसून पृथ्वीच्या गोळ्याचे पुडिंग कापत आहेत. एक समुद्र घेतो, दुसरा युरोप.

गिलरे हॅना हम्फ्री या प्रकाशिकेच्या दुकानाच्या वरच राहत असे. १७९७ नंतर हे दुकान सेंट जेम्स रस्त्यावर, म्हणजे क्लबांच्या आणि राजवाड्याच्या अगदी दारात होते. साधे चित्र सहा पेन्स ते शिलिंगभराला, हाताने रंगवलेले त्याच्या दुपटीच्या घरात. या किमतीत मजूर चित्र घेणार नाही हे उघड आहे. घेणारे होते खासदार, वकील, उमराव, म्हणजे ज्यांची टर उडवली जाई तेच लोक. युवराज स्वतः मोठा संग्राहक होता. राजघराण्याने जमवलेली हजारो व्यंगचित्रे १९२१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाला विकली गेली. काही दुकानदार संध्याकाळच्या मेजवानीसाठी चित्रांचे बाड भाड्यानेही देत. गरिबांना मात्र खिडकी फुकट होती, आणि तिच्यासमोरची गर्दी, तिथले खिसेकापू, रस्ता अडल्याच्या तक्रारी यांचीही चित्रे निघाली.

इतके सगळे खपवून कसे घेतले गेले? इंग्लंडात प्रकाशनपूर्व परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपला होता. अब्रुनुकसानीचा खटला भरता येई, पण चित्रातला लठ्ठ माणूस म्हणजे आपणच, हे भर न्यायालयात सिद्ध करायला कोणाची तयारी नसे. सरकारला पैशाचा मार्ग सोयीचा वाटला. एका धर्मनिंदेच्या प्रकरणात गिलरेला १७९६ मध्ये पकडले. प्रकरण मिटले आणि पुढच्याच वर्षापासून त्याला पिटच्या सरकारकडून गुप्तपणे वर्षाला दोनशे पौंड मिळू लागले. त्यानंतर फॉक्सवरचे वार वाढले. तेव्हा या चित्रांकडे निर्भय जनमत म्हणून पाहणे भाबडेपणाचे आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थकांना रक्तपिपासू ठरवणारी कितीतरी चित्रे पगारी होती.

हिंदुस्थानही या खिडक्यांत वारंवार दिसे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेच्या हाती आणणारे फॉक्सचे विधेयक १७८३ च्या डिसेंबरमध्ये पडले, आणि त्याच महिन्यात जेम्स सेअर्सने काढलेले चित्र गाजले. मोगली पोशाखातला फॉक्स हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीकडे स्वारी काढतो आहे. हत्तीला तोंड त्याचा सत्तेतला भागीदार लॉर्ड नॉर्थ याचे, आणि पुढे शिंग फुंकणारा बर्क. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेअर्सच्या चित्रांनी आपले अधिक नुकसान केले, असे फॉक्सचे मत होते. पिट सत्तेवर आल्यावर सेअर्सला सरकारी जागा मिळाली. कंपनीचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरच्या महाभियोगात गिलरेने दोन्ही बाजू घेतल्या. १७८६ च्या चित्रात हेस्टिंग्ज लुटारूंनी घेरलेला हिंदुस्थानचा तारणहार आहे, तर १७८८ च्या चित्रात तो लॉर्ड चॅन्सलरच्या खांद्यावर बसून हिंदी लोकांच्या रक्ताचा समुद्र ओलांडतो आहे. १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणहून गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसला मागे फिरावे लागले, तेव्हा गिलरेने तटावर उभा राहून पळणाऱ्या इंग्रजांवर मुतणारा टिपू काढला आणि त्याला मान्सूनच्या आगमनाचे नाव दिले. त्या माघारीत उपाशी इंग्रज फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी सैन्याने गाठून रसद पुरवली होती. लंडनच्या चित्रात त्याचा मागमूस नाही.

मराठ्यांचे गंभीर चित्र मात्र तिथे पोहोचले. पुण्याच्या दरबारात राहून चित्रे काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने शनिवारवाड्यातल्या दरबाराचे भव्य तैलचित्र केले. सवाई माधवराव पेशव्यांशी १७९० मध्ये झालेल्या तहाचा हा प्रसंग, ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या हौसेखातर रंगवलेला. १८०५ मध्ये ते रॉयल अकॅडमीत लागले आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याचे मेझोटिंट काढले. पेशवाईतले चेहरे इंग्रज गिऱ्हाइकांच्या भिंतींवर गेले ते अशा रीतीने, त्याच काळ्या मखमली पत्र्यावरून.

गिलरेची दृष्टी अधू होत गेली, १८१० च्या सुमारास त्याला वेड लागले आणि १८१५ मध्ये तो मेला. पुढच्या पिढीतला जॉर्ज क्रूकशँक काही वर्षे त्याच वाटेने चालला. १८२० मध्ये राजाचे अश्लील चित्र काढणार नाही, या वचनापोटी त्याला शंभर पौंड मिळाले. पण हवा बदलली होती. शिलाछापाने चित्रे स्वस्त केली, आणि लाकडी ठशाचे चित्र अक्षरांच्या खिळ्यांसोबत एकाच यंत्रावर छापता येऊ लागल्यावर सुट्या चित्रापेक्षा सचित्र नियतकालिक परवडू लागले. १८४१ मध्ये निघालेल्या ‘पंच’ साप्ताहिकाने व्यंगचित्र घरातल्या बायकामुलांसमोर ठेवण्याजोगे सोवळे करून टाकले. मेझोटिंटच्या व्यक्तिचित्रांना पुढे छायाचित्राने घरी बसवले.

ब्रिटिश म्युझियमने आपल्या विडंबनचित्रांची यादी १८७० मध्ये छापायला सुरुवात केली. पहिले चार खंड फ्रेडरिक स्टीफन्सचे, उरलेले सात डॉरोथी जॉर्ज या विदुषीचे. काम १९५४ मध्ये संपले तेव्हा नोंदी सतरा हजारांवर गेल्या होत्या. गिलरेचे मूळ पत्रे हेन्री बोन या प्रकाशकाने विकत घेऊन १८५० च्या आसपास त्यांवरून नव्याने प्रती काढल्या. व्हिक्टोरियन सभ्यतेला न मानवणारी चित्रे त्याने मुख्य खंडातून वगळली आणि वेगळ्या पुस्तकात बांधून विकली.